नेतृत्वाचं प्रशिक्षण: मोबाईलवर करावं की नागपूरला मुक्कामी?

पंचायत समितीत किंवा तहसीलमध्ये बढती मिळून हाताखाली माणसं आली, की व्यवस्थापनाचं प्रशिक्षण कुठून करायचं हा विषय निघतोच. विदर्भातल्या, आपल्याकडच्या अधिकाऱ्यापुढे साधारण तीन वाटा: मोबाईलवर चालणारं केंद्र सरकारचं आयगॉट कर्मयोगी, किंवा मुक्कामी जायच्या सरकारी प्रशिक्षण संस्था, म्हणजे नागपूरची वनामती आणि पुण्याची यशदा.

यशदात कोकणापासून मराठवाड्यापर्यंतचे अधिकारी भेटतात, हा मोठा फायदा. पण नागपूर ते पुणेच 700 किलोमीटरच्या पुढे, त्याआधी गडचिरोलीच्या आतल्या तालुक्यातून नागपूर गाठायचं. छोट्या सत्रासाठी एवढा प्रवास मला पटत नाही. सत्र मोठं असेल तर जरूर जा.

खरी निवड उरते पहिल्या दोनांत. केंद्राने 2020 मध्ये मिशन कर्मयोगी मंजूर केलं, आयगॉट त्याचाच भाग; तेव्हापासून मोबाईलवर शिकणं सोपं झालं. माहिती अधिकार, कार्यालयीन पद्धती, खरेदीचे नियम असे विषय मी तिथेच केले आणि पुढेही तिथेच करीन. घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर मुक्कामी जा असं मी कुणालाच म्हणणार नाही.

माझं अडलं ते चार्जपाशी, म्हणजे पदाच्या रोजच्या जबाबदारीपाशी. मोबाईलवर शिकताना टेबल सुटत नाही. व्हिडिओ सुरू केला की नस्ती (फाइल) येते, व्हीसीचा, म्हणजे ऑनलाइन बैठकीचा, निरोप येतो. घरकुलाचा हप्ता अडलेली म्हातारी बाई एसटीने येऊन दारात उभी राहते. तिला थांबवून कसं चालेल? थांबवूही नये. मग धडा रात्री, नेटवर्क असेल तर, थकल्या डोळ्यांनी. नियम असे शिकता येतात. माणसं सांभाळायचं शिकायला मन मोकळं लागतं, निदान मला तरी लागलं.

मुक्कामी जाताना कार्यमुक्तीचा आदेश निघतो आणि चार्ज दुसऱ्याकडे जातो. वर्गात महसूल, कृषी, आरोग्य अशा वेगवेगळ्या खात्यांची माणसं असतात. एका कृषी अधिकारी मॅडमनी सांगितलं, की त्या आढावा बैठक तालुक्याला न घेता आळीपाळीने गावात घेतात. जेवणाच्या टेबलावर ऐकलेली ती गोष्ट मी परत आल्यावर उचलली आणि गप्प बसणारे ग्रामसेवक बोलायला लागले. इकडे माझा चार्ज सांभाळणाऱ्या विस्तार अधिकाऱ्यानेही तेवढ्या दिवसांत स्वतः निर्णय घेतले. त्यानंतर बारीकसारीक गोष्टींसाठी तो माझ्याकडे थांबून राहत नाही.

काही तासिका स्लाइड वाचण्यात जातात, ते कुठल्याही वर्गात होतं. तरी नेतृत्वापुरतं विचाराल तर माझा कल नागपूरकडे.

तारीख निवडताना मार्चअखेर टाळा. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या ग्रामसभांचे आठवडेही नकोत. तुम्ही प्रशिक्षणाला निघण्याआधी चार्जचा आदेश लेखी घ्या, त्यात सह्यांचे अधिकार स्पष्ट लिहून घ्या. तोंडी चार्जवर देयकं अडतात आणि फोन वर्गापर्यंत येत राहतात.