लॉगचेक: क्रॉन गप्प, चोर मात्र दिसला पाहिजे

दर 5 मिनिटांनी चालणारा एक क्रॉन जॉब (सर्व्हरवर ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) दिवसात 288 वेळा सेशन उघडतो आणि तितक्याच वेळा बंद करतो. म्हणजे लॉगमध्ये, सर्व्हरच्या नोंदवहीत, 576 ओळी, सगळ्या बिनकामाच्या. त्या गर्दीत 'फेल्ड पासवर्ड'ची एक ओळ कोणाला दिसणार? डेबियन या लिनक्समधलं लॉगचेक याच कामाचं. ओळखीच्या ओळी गाळून उरलेलं सगळं ते दर तासाला मेल करतं. ठरावीक शब्द शोधत बसणाऱ्या साधनांपेक्षा ही उलटी रीत बरी. न सुचलेली भानगडही समोर येते.

कोणत्या ओळी गाळायच्या हे सांगणारे आपले नियम, म्हणजे ओळींचे नमुने (रेग्युलर एक्स्प्रेशन), इग्नोर.डी.सर्व्हर फोल्डरात, वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. फाइलच्या नावात टिंब नको. 'लोकल.कॉन्फ' असं नाव दिलंत तर ती वाचलीच जात नाही, आणि त्याबद्दल चकार शब्दही निघत नाही! ओळ 'सिक्युरिटी इव्हेंट्स' मथळ्याखाली येत असेल तर इथला नियम तिला लागू पडत नाही, तो व्हायोलेशन्स.इग्नोर.डी मध्ये लिहावा लागतो. बहुतेकांचा तास-दोन तास इथेच जातो.

नियम ^ (ओळीची सुरुवात) ने सुरू करून $ (ओळीचा शेवट) ने संपवा. नुसतं 'पाम_युनिक्स' (लॉगिन तपासणाऱ्या पाम यंत्रणेचं मॉड्यूल) लिहून मोकळे झालात तर सुक्याबरोबर ओलंही जळेल, कारण 'ऑथेंटिकेशन फेल्युअर'ही तेच मॉड्यूल लिहितं. 'पाम_युनिक्स(क्रॉन:सेशन)' इतकं नेमकं हवं, कंसांआधी उलटी तिरकी रेघ (\) देऊन. आणखी एक गोम: एसएसएचवर (दुरून लॉगिन करायच्या सोयीवर) येणारं यूजरनेम समोरचा ठरवतो. नियम सैल असेल तर तुमच्याच नियमातले शब्द नावात घालून तो स्वतःची ओळ गायब करू शकतो.

तपासणीसाठी लॉगचेक या यूजरनेच -ओ आणि -टी देऊन चालवा. निकाल स्क्रीनवर येतो, आणि 'इथपर्यंत वाचलं' ही खूण पुढे सरकत नसल्याने तीच ओळ पुन्हा पुन्हा तपासता येते.

खरी डोकेदुखी अपग्रेडची. डेबियन 12 मध्ये आरसिसलॉगची (लॉग लिहिणाऱ्या प्रोग्रामची) वेळ लिहायची पद्धत बदलली. महिन्याच्या 3 अक्षरांऐवजी आता ओळ वर्षाच्या आकड्याने सुरू होते. जुने घरगुती नियम एका झटक्यात निकामी, आणि मेलचा पूर. पामनेही मध्यंतरी यूजरच्या नावाला चिकटून कंसात यूआयडी (यूजरचा क्रमांक) छापायला सुरुवात केली, त्याचाही हाच परिणाम. वेळेच्या जागी दोन्ही रूपं उभ्या रेघेने (|, म्हणजे 'किंवा') जोडून लिहा, यूआयडीचा कंस ऐच्छिक ठेवा.