मत्तय, मार्क, लूक की योहान : पहिले शुभवर्तमान कोणते वाचावे?

नवा करार उघडला की पहिल्याच पानावर वंशावळ येते. अब्राहामापासून दावीद, दावीदापासून बाबेलचा बंदिवास, तिथून योसेफ आणि मरीया : चौदा-चौदा पिढ्यांचे तीन टप्पे, १७ वचनांत. जुना करार ज्याने कधी वाचलेला नाही त्याला ही नावे परकी वाटतात आणि पुस्तक तिथेच मिटले जाते. फार वाईट वाटते, कारण त्याच पुस्तकात थोडे पुढे, दुसऱ्या दाराने आत गेले असते तर तोच वाचक पहाटेपर्यंत जागला असता.

शुभवर्तमाने, म्हणजे येशूचे चरित्र आणि शिकवण सांगणारी नव्या करारातली पुस्तके, चार आहेत, चारही स्वतंत्रपणे वाचता येतात, आणि क्रमाने वाचण्याचे बंधन कोणीही घातलेले नाही. माझे उत्तर आधीच सांगते : पहिल्यांदा वाचणाऱ्याने मार्क घ्यावे, आणि शक्य तर एका बैठकीत संपवावे. मोठ्याने वाचले तरी दीड-दोन तास लागतात. काही वाचकांसाठी मात्र हे उत्तर बदलते. ते कोण, हे चौघांना शेजारी-शेजारी ठेवल्यावर दिसेल.

आधी थोडी पार्श्वभूमी. येशूला वधस्तंभावर देण्यात आले ते पंतय पिलात यहूदीयाचा रोमन सुभेदार असताना, म्हणजे इसवी सन २६ ते ३६ या दरम्यान. नंतर काही दशके त्याची वचने आणि आठवणी प्रामुख्याने तोंडी फिरत होत्या. येशू बोलत असे ती भाषा अरामी. चारही शुभवर्तमाने लिहिली गेली ग्रीकमध्ये. इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. बहुतेक अभ्यासक मार्कला या घटनेच्या आसपास ठेवतात, मत्तय आणि लूक यांना त्यानंतरच्या दहा-वीस वर्षांत, आणि योहानाला पहिल्या शतकाच्या अखेरीस. मत्तय आणि लूक या दोघांसमोर मार्क होते, असे सर्वसाधारण मत आहे. मार्कमधला बहुतेक मजकूर मत्तयात सापडतो. लेखकांची नावे परंपरेने आली आहेत, मूळ मजकुरात एकही लेखक आपले नाव सांगत नाही.

मार्कची निवड मी का करते? ते सर्वांत लहान आहे, हे एक कारण झाले. पण खरे कारण असे की ते बाहेरच्या माणसाला समजावून सांगते. यहूदी लोक जेवणाआधी हात का धुतात, भांडी का विसळतात, हे सातव्या अध्यायात मार्क थांबून सांगतो. अरामी शब्द आला की लगेच अर्थ देतो : मेलेल्या मुलीचा हात धरून येशू ‘तलीथा कूम’ म्हणतो, बहिऱ्याला ‘इप्फाथा’ म्हणतो, आणि प्रत्येक वेळी वाचकाला त्याचा अर्थ मिळतो. मार्कचा श्रोता यरुशलेमपासून दूर राहणारा, यहूदी रीतिरिवाज न जाणणारा होता. मराठी वाचक नेमका त्याच जागी बसलेला असतो.

जन्मकथा नाही, बालपण नाही. पहिल्याच ओळीत येशू कोण हे वाचकाला सांगून टाकलेले आहे, आणि मग गोष्टीतल्या कोणालाही ते कळत नाही! भुते ओळखतात, त्यांना गप्प केले जाते. वादळ शांत झाल्यावर शिष्य एकमेकांना विचारतात, हा आहे तरी कोण? आपल्याला उत्तर ठाऊक आहे, त्यांना नाही, आणि या अंतरावर सगळे पुस्तक उभे आहे.

आठवा अध्याय सावकाश वाचा. बेथसैदा गावात येशू एका आंधळ्याला हात लावतो. त्याला माणसे दिसतात, पण चालत्या झाडांसारखी. पुन्हा हात ठेवल्यावर स्पष्ट दिसू लागते. दोन टप्प्यांत बरे करण्याचा हा प्रसंग इतर तिघांत नाही. त्याला लागूनच शिष्य पेत्राची कबुली येते : तू ख्रिस्त आहेस. आणि लगेच येशू स्वतःच्या मरणाबद्दल बोलतो तेव्हा हाच पेत्र त्याला बाजूला घेऊन दटावतो. पेत्रालाही अर्धेच दिसले आहे, हे मार्क कुठेही लिहीत नाही, फक्त दोन प्रसंग शेजारी ठेवतो. पुढे येशू दोनदा पुन्हा आपल्या मरणाचे भाकीत करतो. एकदा शिष्य सगळ्यांत मोठा कोण यावर वाद घालतात, दुसऱ्यांदा याकोब आणि योहान हे दोन शिष्य त्याच्या उजव्या-डाव्या बाजूच्या जागा मागतात. त्या जागा अखेर कोणाला मिळतात ते पंधराव्या अध्यायात दिसते : उजवीकडे एक लुटारू, डावीकडे दुसरा.

परंपरा सांगते की मार्कने पेत्राच्या आठवणी रोममध्ये लिहून काढल्या. इसवी सन ६४ च्या आगीनंतर सम्राट नीरोने तिथल्या ख्रिस्ती लोकांचा छळ केला होता. सगळे अभ्यासक रोम हे ठिकाण मान्य करत नाहीत, पण अनुयायी घाबरतात, पळतात, नाकारतात आणि तरीही त्यांना परत बोलावले जाते, हे सूत्र छळ सोसणाऱ्या मंडळीला किती जवळचे वाटले असेल याची कल्पना करता येते. शेवटही तसाच. चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन या दोन जुन्या हस्तलिखितांत पुस्तक १६ व्या अध्यायाच्या आठव्या वचनाला संपते : कबर रिकामी, स्त्रिया थरथरत पळाल्या, भीतीमुळे कोणाला काही बोलल्या नाहीत. पुढची १२ वचने नंतरची भर आहे. पहिल्या वाचनात आठव्या वचनालाच थांबा, असे मी आग्रहाने सांगेन.

आता चौघांना एकाच प्रसंगात तपासू. वधस्तंभावरचा शेवटचा क्षण घ्या. मार्कमध्ये येशूच्या तोंडी तिथे एकच वाक्य आहे : ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ मत्तय तेच वाक्य ठेवतो, पण भोवती भूकंप होतो, खडक फुटतात, कबरी उघडतात. त्याच्या दृष्टीने ही जग हलवणारी घटना आहे आणि ते हलताना दिसले पाहिजे. लूकमध्ये हा आक्रोश नाही. तिथे येशू शेजारच्या गुन्हेगाराला आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील असे सांगतो आणि आपला आत्मा बापाच्या हाती सोपवतो. मरतानाही त्याचे लक्ष शेजारच्या माणसाकडे आहे. योहानात तो आईला एका शिष्याच्या हवाली करतो आणि म्हणतो, ‘पूर्ण झाले आहे.’ तिथे त्याचे मरण म्हणजे हाती घेतलेले काम तडीस नेणे.

या चार मरणांपैकी कोणते तुम्हाला ओढते, यावरून तुमचे शुभवर्तमान बऱ्यापैकी ठरते. चारही एकत्र कालवून एकच सुरळीत कथा करण्याचा मोह होतो, आणि गुड फ्रायडेच्या भक्तीत तसे करतातही. पहिल्या वाचनात मात्र ते टाळा. मार्कमधली ती हाक उत्तराशिवाय ऐकली तरच तिचे वजन कळते.

मत्तय आणि लूक यांची तुलना जन्मापासून करता येते. मत्तयात योसेफाला स्वप्ने पडतात, पूर्वेकडचे ज्ञानी येतात, हेरोद राजा बालकांची कत्तल करतो, कुटुंब मिसरला पळते. लूकमध्ये मरीया बोलते, गाते, आणि बातमी पहिल्यांदा रानातल्या मेंढपाळांना मिळते. नाताळच्या देखाव्यात हे सगळे एकाच गोठ्यात उभे असतात, ग्रंथांत ते कधीच भेटत नाहीत.

मत्तयाचा येशू शिक्षक आहे. त्याची शिकवण पाच मोठ्या प्रवचनांत रचलेली आहे, आणि पाचव्या ते सातव्या अध्यायातले डोंगरावरील प्रवचन त्यांतले सगळ्यांत प्रसिद्ध. शत्रूवर प्रीती करा, उजव्या हाताचे दान डाव्याला कळू देऊ नका, उद्याची चिंता करू नका, ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रार्थना, सगळे तिथेच. रेव्हरंड ना. वा. टिळकांना राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीतल्या एका युरोपियन सहप्रवाशाने नवा करार दिला. त्यांना बांधून ठेवले ते याच प्रवचनाने. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ज्याला चरित्रापेक्षा उपदेश हवा आहे, गीता किंवा धम्मपदाशेजारी ठेवून काही वाचायचे आहे, त्याने मार्क सोडून हे तीन अध्याय आधी वाचले तरी मी अडवणार नाही. फक्त पुढे २५ व्या अध्यायापर्यंत जा. भुकेल्याला खायला दिले का, तुरुंगातल्याला भेटलात का, एवढ्यावर तिथे शेवटचा न्याय होतो.

तेच प्रवचन लूकमध्ये सपाट जागेवर होते आणि धारदार होते. मत्तयात आत्म्याने दीन असलेले धन्य. लूकमध्ये सरळ गरीब धन्य, आणि लगोलग श्रीमंतांना धिक्कार. लूकचे हे सूत्र पहिल्या अध्यायातल्या मरीयेच्या गीतापासून चालते, जिथे सत्ताधारी सिंहासनावरून खाली ओढले जातात आणि भुकेले तृप्त होतात. चांगला शोमरोनी, उधळा पुत्र, श्रीमंत माणूस आणि दारातला लाजर, जकातदार जक्कय, अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे : हे सारे फक्त लूकने जपले. येशूबरोबर फिरणाऱ्या आणि पदरचा खर्च करणाऱ्या स्त्रियांची नावे आठव्या अध्यायात आहेत, त्यांत हेरोदाच्या कारभाऱ्याची बायको योहान्नाही आहे. गोष्ट सांगण्याच्या कसबात लूकची बरोबरी इतर तिघांपैकी कोणाला नाही. मग तेच पहिले का नाही? ते लांब आहे, पहिले दोन अध्याय जुन्या कराराच्या गीतांनी भरलेले आहेत आणि नव्या करारातले ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक त्याचाच दुसरा भाग आहे. दुसऱ्या वाचनाला ते सगळे सुख देते. गोष्टीवेल्हाळ वाचकाने मात्र खुशाल लूकनेच सुरुवात करावी.

पंडिता रमाबाईंची सुरुवात लूकनेच झाली. सिलचरला असताना त्यांना स्वतःच्या पुस्तकांत बंगालीतले लूकचे शुभवर्तमान सापडले, ते तिथे कसे आले हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि त्या ते आवडीने वाचू लागल्या. पुढे इंग्लंडमध्ये त्यांच्या मनाचा निर्णायक ठाव घेतला तो योहानाच्या चौथ्या अध्यायाने. विहिरीवर पाणी भरायला आलेली शोमरोनी स्त्री, जिच्याशी बोलणे यहूदी पुरुषाला शोभत नाही असे सगळे मानत, तिच्याशी येशू उपासनेच्या खऱ्या स्वरूपाबद्दल बोलतो. स्त्रियांना उचलून धरणारा हाच, असे रमाबाईंना तिथे वाटले. पुढे केडगावला बसून त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून सगळ्या बायबलचे मराठी भाषांतर केले. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले.

नव्या वाचकाला योहानच द्यावे असे पुष्कळ जण सांगतात. मला ते पटत नाही. वाक्ये सोपी आहेत हे खरे, पण योहान गृहीत धरतो की कथा तुम्हाला माहीत आहे. अकराव्या अध्यायात तो बेथानीच्या मरीयेची (ही येशूची आई नव्हे) ओळख प्रभूला सुगंधी तेल लावणारी अशी करून देतो, आणि तो प्रसंग सांगतो बाराव्यात. शेवटच्या भोजनात भाकर आणि द्राक्षारसाचे शब्दच नाहीत, त्या जागी येशू शिष्यांचे पाय धुतो. जे गाळले आहे ते माहीत असेल तरच हा बदल भिडतो. इतरांचे दाखले, म्हणजे छोट्या बोधकथा, याही इथे नाहीत. सात चिन्हे आहेत, त्यांच्याभोवती लांब संवाद आहेत. मात्र ज्ञानेश्वरीच्या ओव्यांवर थांबून विचार करायची ज्याला सवय आहे, त्याला ‘प्रारंभी शब्द होता’ या सुरुवातीशी झगडावे लागणार नाही. अशा वाचकाने योहान आधी घेतले तर ते त्याला मानवेल.

कोणतेही निवडा, एक गोष्ट लक्षात असू द्या. मत्तयाचा २३ वा अध्याय शास्त्री (धर्मशास्त्राचे पंडित) आणि परूशी (नियम काटेकोर पाळणारा यहूदी पंथ) यांच्यावर कडक आहे, आणि योहानात ‘यहूदी’ हा शब्द पुन्हा पुन्हा विरोधकांसाठी येतो. येशू, त्याची आई, बाराही शिष्य यहूदीच होते; हे एका समाजातले आतले भांडण आहे. पुढच्या शतकांत याच ओळी यहूदी लोकांच्या छळासाठी वापरल्या गेल्या. मराठी बोलणारे बेने इस्राएल हे यहूदी कोकणात पिढ्यान्‌पिढ्या शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, पाळत आले, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. शब्बाथावरचे वाद वाचताना हे आपले शेजारी डोळ्यांपुढे असले तर परूशी हा शब्द शिवीसारखा वाचला जात नाही.

भाषांतराचा प्रश्न उरतो. बायबल सोसायटीचे जुने मराठी भारदस्त आहे, मोठ्याने वाचायला चांगले. आजची भाषा हवी असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे सुबोध बायबल घ्या. मार्कच्या पहिल्या वाचनात टीपा बाजूला ठेवा. मत्तयाला हात घालाल तेव्हा त्या लागतील, विशेषतः त्या वंशावळीसाठी. तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको या चार स्त्रिया पुरुषांच्या त्या यादीत काय करतात, हे तेव्हा शोधा.