डिस्क गेलीच नव्हती, ॲडॉप्टर गेला होता : टू-बे नॅस आणि तापकीर गल्लीतलं दुकान

आधीच सांगते, हा रिव्ह्यू अर्धा मशीनचा आणि अर्धा दुकानाचा आहे, कारण मशीनबद्दल माझं जे काही मत झालंय ते दुकानात गेल्यावरच झालं. मशीन म्हणजे टू-बे नॅस, घरच्या नेटवर्कवर फाइल साठवायचा दोन हार्ड डिस्कचा बॉक्स, आत ४-४ टीबीच्या दोन डिस्क, रेड १ मध्ये, म्हणजे एकीवर जे लिहिलं जातं तेच दुसरीवर. घेऊन पाच वर्षं झाली. ब्रँड लिहीत नाही, उगाच भांडणं नकोत. घरातलं सगळंच त्याच्यावर आहे पण जीव अडकलेला तो सासऱ्यांच्या फोटोंत. बाबांनी रिटायर झाल्यावर जवळजवळ दोन वर्षं बसून जुन्या निगेटिव्ह एकेक करून स्कॅन केल्या, आणि मूळ निगेटिव्हना बुरशी लागली म्हणून गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत टाकूनही दिल्या. कॉपी आहे की नॅसवर, दोन दोन डिस्कवर, असं आम्हीच त्यांना सांगितलेलं.

एका रविवारी लाइट गेले, आले, आणि नॅस काही उठेचना. दिवा लुकलुकतो, डिस्क व्हूंऽऽ करून वेग घेतात आणि मग टक. परत पहिल्यापासून. किचनमध्ये भाजी फोडणीला टाकताना पण ते टक ऐकू यायचं.

मग मी जे केलं ते वाचा आणि करू नका. दोन्ही डिस्क काढल्या, रिकामा बॉक्स लावला, मस्त सुरू झाला. एक डिस्क घातली, सुरू. ती काढून दुसरी घातली, तीही सुरू, फोटोसुद्धा उघडले! दोन्ही घातल्या की टक. आता आम्ही दोघं नवरा-बायको इंजिनिअर, पण एकेकटी डिस्क नीट चालते आणि दोघी मिळून चालत नाहीत म्हणजे वीज पुरत नसेल हे एवढं साधं आमच्या डोक्यात आलं नाही. आम्ही आपले कोणती डिस्क खराब यावर भांडत बसलो.

सर्व्हिस सेंटरने फोनवरच निदान केलं, बोर्ड गेलाय, वॉरंटी संपलीय, १४ हजार होतील, डेटाची जबाबदारी आमची नाही आणि तोवर फॅक्टरी रिसेट मारून बघा. रिसेट मारून बघा!! एका डेटा रिकव्हरीवाल्याने डिस्क हातात न घेताच ३८ हजार सांगितले. मध्येच भाच्याने एक डिस्क विंडोजच्या पीसीला जोडली तर त्याने विचारलं, फॉरमॅट करायची का, आणि हा पठ्ठ्या हो म्हणायला निघालेला. बहुतेक नॅसच्या डिस्क आतून लिनक्सच्या असतात, विंडोजला ते कळत नाही, त्याला डिस्क कोरीच वाटते. तो प्रश्न आला की कॅन्सल करायचं आणि केबल काढायची, बस.

शेवटी ऑफिसमधल्या एकाच्या सांगण्यावरून पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीत गेले. आतल्या बोळात दुकान, इतकं लहान की दोन गिऱ्हाईकं आत असली की तिसऱ्याने बाहेर उभं राहायचं. टॉवेलात गुंडाळून आणलेल्या डिस्ककडे काकांनी बघितलंसुद्धा नाही. "ताई, ॲडॉप्टर द्या आधी." मीटर लावला, १२.२ व्होल्ट. मी म्हटलं, बघा, ठणठणीत आहे. ते म्हणाले, थांबा जरा, आणि ड्रॉवरमधून गाडीच्या इंडिकेटरचे २१ वॅटचे दोन बल्ब काढले, वायरी सोल्डर करून ठेवलेले. एक लावला, ११.६. दुसरा लावला तर दोन्ही बल्ब पिवळे पडले आणि मीटर ८.९ वर आला. "बसल्या जागी बरं वाटतं याला, चालायला लागला की चक्कर येते."

डिस्क बंद अवस्थेतून गरगरायला लागते त्या काही सेकंदांत १२ व्होल्टवर दोनेक अँपिअर ओढते, एकेक डिस्क हां, एकदा वेग आला की मग फार लागत नाही. ॲडॉप्टरवर छापलंय १२ व्होल्ट ५ अँपिअर, पण पाच वर्षं टीव्हीमागच्या उकाड्यात काढल्यावर तेवढं कुठून देणार. काकांनी तो फोडून दाखवला, आतला एक कपॅसिटर वरून फुलक्यासारखा टम्म. नवा ॲडॉप्टर ८५०, तपासायचे १००. बॉक्स तिथल्या तिथे दोन्ही डिस्कसकट उठला, मला रडूच यायचं बाकी होतं.

पण स्क्रीनवर आलं डिग्रेडेड, म्हणजे जोडीतली एकच डिस्क धरलीय. काकांचा मुलगा तिथेच बसतो, त्याला लिनक्स येतं, त्याने पहिला प्रश्न विचारला, "एकेक डिस्क वेगवेगळी घालून चालवली होती का?" मी गप्प. तर होतं असं की प्रत्येक डिस्कवर रेडचा एक काउंटर असतो, काही बदल झाला की तो वाढतो. दोघींना वेगवेगळं चालवलं की दोघींचे आकडे वेगळे होतात, मग बॉक्स एकीला खरी मानतो आणि दुसरीला बाहेर काढतो. आणि खाली मोठं निळं बटण देतो, रिपेअर. दाबलं की आत असलेली डिस्क पूर्ण वाचून बाहेरचीवर लिहून काढणार. त्याने आधी आत असलेल्या डिस्कचा स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते तो तब्येतीचा हिशोब, उघडला, करंट पेंडिंग सेक्टर ८. म्हणजे ८ जागा तिला नीट वाचता येत नाहीत. बाहेर काढलेली मात्र स्वच्छ! म्हणजे मी रिपेअर दाबलं असतं तर आजारी डिस्कवरून निरोगी डिस्क पुसली गेली असती.

त्यामुळे बटण न दाबता बाहेरची डिस्क काढून घेतली आणि घरी नेऊन आधी बॉक्समध्ये राहिलेल्या डिस्कवरचं सगळं एका एक्स्टर्नलवर कॉपी केलं, १.४ टीबी, रात्रभर. १९८७ च्या फोल्डरमध्ये १७ फोटो अडकले, एरर. ते १७ बाहेर काढलेल्या डिस्कवरून आणले. त्यासाठी डॉक, म्हणजे डिस्क खोचायचा वेगळ्या ॲडॉप्टरचा स्टँड, घ्यावा लागतो, साध्या यूएसबी केबलवर साडेतीन इंची डिस्क फिरत नाही, तिला वेगळा १२ व्होल्ट लागतो. उबुंटूच्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू केला, रेड रीड-ओन्ली (फक्त वाचायचं, लिहायचं नाही) जोडलं आणि माउंट करताना, म्हणजे डिस्क उघडताना, रीड-ओन्लीसोबत नोलोड पण दिलं, नाहीतर ती नीट बंद न झालेली फाइल सिस्टिम माउंट होतानाच जर्नलमधली, म्हणजे तिच्या नोंदवहीतली, अर्धवट कामं डिस्कवर लिहायला जाते, हे मुलाने कागदावर लिहून दिलेलं, तो कागद अजून फ्रिजवर आहे. १७ व्या फोटोत आजेसासूबाई खडकवासल्याला पाण्यात पाय सोडून बसल्यात, नऊवारी गुडघ्यापर्यंत वर. बाबा बराच वेळ बघत होते, मग म्हणाले, "याचा एक प्रिंट काढ."

मशीनला ५ पैकी अडीच. आवाज कमी, फोटोंचं ॲप चांगलं, पाच वर्षं तक्रार नव्हती. पण व्होल्टेज पडतंय हे ते कुठेच सांगत नाही, लॉगमध्ये फक्त अयोग्य रीतीने बंद झाले, अयोग्य रीतीने बंद झाले, अशा चाळीसेक ओळी. आणि दोन्ही डिस्क आतबाहेर झाल्यात हे दिसत असताना रिपेअरचं बटण इतकं ठळक द्यायचं, हे मला अजिबात पटलेलं नाही.

दुकानाला ५. पावती मागितल्याशिवाय देत नाहीत, फोन उचलत नाहीत, गाडी लावायला जागा नाही, चालतच जा. डिस्क आतूनच कटकट वाजत असेल तर मात्र काका हातच लावत नाहीत, सरळ सांगतात की हे माझं काम नाही, क्लीन रूमवाल्याकडे, म्हणजे धूळ नसलेल्या खोलीत डिस्क उघडणाऱ्याकडे, न्या आणि तोवर परत परत चालू करू नका.

आज सकाळी बघितलं तर पेंडिंग ८ चे २४ झालेत. नवी डिस्क शुक्रवारी येतेय, तोवर बॉक्स बंद.