लाइव्ह-१ अँटिबॉडी : पहिली कुपी झकास, दुसरीने रडवलं

उंदराच्या कानाचे दोन पदर सोलून वेगळे करायचे आणि आतल्या लसिकावाहिन्या (ऊतींतला जादा द्रव वाहून नेणाऱ्या नळ्या) रंगवायच्या, हे माझं रोजचं काम. त्यासाठी या वाहिन्यांवरच्या लाइव्ह-१ प्रथिनाला चिकटणाऱ्या, सशात तयार केलेल्या पॉलीक्लोनल (म्हणजे अनेक अँटिबॉडींचं मिश्रण असलेल्या) अँटिबॉडीच्या दोन कुप्या संपवल्या.

पहिलीबद्दल तक्रार नाही. कातडी ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये फिक्स केली, रात्रभर ४ अंशांवर अँटिबॉडीत ठेवली, दुसरा दिवस धुण्यात गेला. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली लसिकेच्या, एका टोकाला बंद असलेल्या केशवाहिन्या (सर्वांत बारीक वाहिन्या) हातमोज्याच्या बोटांसारख्या उठून दिसल्या. माहितीपत्रक १:२०० पातळ करा म्हणतं. माझं १:५०० वर भागलं.

पण त्याच पत्रकात एक गोष्ट ठळक छापायला हवी होती. १९९९ पासून लसिकावाहिन्यांची खूण म्हणून ओळखलं जाणारं हे प्रथिन काही मॅक्रोफेजवरही (जंतू गिळणाऱ्या पेशींवरही) असतं. व्हीईजीएफ-सी (लसिकावाहिन्या वाढवणारं प्रथिन) टोचलेल्या कानात मला नवे कोंबच कोंब दिसले. दोन दिवस मी हवेत. मग गाइडनी शांतपणे विचारलं, "प्रॉक्स-१ लावलंस का?" लावलं. लसिकावाहिनीच्या पेशीत हे दुसरं प्रथिन केंद्रकात दिसायलाच हवं. माझ्या बऱ्याच 'कोंबांत' त्याचा पत्ता नव्हता. मोठ्या संग्राहक वाहिन्या फिकट दिसतात, त्यात मात्र अँटिबॉडीचा दोष नाही. तिथे हे प्रथिनच कमी असतं.

खरी मजा डेंड्रिटिक पेशी (प्रतिकारशक्तीच्या पहारेकरी पेशी) बघताना. त्यांच्यावरच्या एमएचसी-२ या प्रथिनाची अँटिबॉडी माझ्याकडे रॅटमधली, सशातली नाही, त्यामुळे दोन्ही एकत्र बिनबोभाट चालल्या. या पेशी आपल्यावरच्या सीसीआर-७ या ग्राहकाच्या जोरावर, वाहिनीतून सुटणाऱ्या सीसीएल-२१ या रासायनिक संकेताचा माग काढत येतात आणि केशवाहिनीच्या पेशींच्या पाकळ्यांमधल्या फटींतून आत घुसतात. झेड-स्टॅकमध्ये (थरांथरांनी घेतलेल्या चित्रांत) कोण आत, कोण नुसतं भिंतीला टेकलंय, हे नीट कळलं. एक अर्धवट आत शिरलेली सापडली. ते चित्र माझ्या टेबलावर चिकटवलंय. हीच अँटिबॉडी जिवंत कातडीत टाकून पेशींची चाल बघायचा मोह मात्र आवरला. पेशी आपल्या हायल्युरोननच्या (साखरेच्या लांब साखळीच्या) वेष्टणाने याच लाइव्ह-१ ला धरून आत जातात; तेच झाकलं तर बघणार काय?

दुसरी कुपी वेगळ्या लॉटची (उत्पादनाच्या तुकडीची) निघाली. तेच डायल्यूशन, तोच कान, आणि रक्तवाहिन्यांसकट सगळं चमकतंय! कंपनीचं पहिलं उत्तर : ब्लॉकिंग (अँटिबॉडीचं नको तिथे चिकटणं रोखणारा द्रव) बदला. बदललं, फरक शून्य. नुसती सेकंडरी (पहिल्या अँटिबॉडीला चिकटणारी चमकती अँटिबॉडी) लावलेला कंट्रोल काळाकुट्ट होता, म्हणजे दोष कुपीतल्या अँटिबॉडीचाच; तो फोटो पाठवला तेव्हा कुठे बदली कुपी आली. ती ठीक आहे.

पाचपैकी साडेतीन. ऑर्डर देताना लॉट नंबर विचारा आणि चांगला निघाला तर त्याच लॉटच्या दोन-तीन कुप्या एकदम घेऊन ठेवा.