मोझार्टचा कोणता फ्लूट कॉन्चेर्तो आधी बसवावा: जी की डी?

स्केल्स झाल्या, एत्यूद (सरावासाठीच्या छोट्या रचना) झाले, आता एक मोठी रचना बसवायची, असं ठरवलं की फ्लूटचा विद्यार्थी बहुधा मोझार्टपाशी येतो. त्याच्यापुढे दोन कॉन्चेर्तो, म्हणजे एक वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीच्या रचना, असतात: के. ३१३, जी मेजर आणि के. ३१४, डी मेजर (‘के.’ हा मोझार्टच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक). हार्मोनियमच्या भाषेत पांढरी पाच आणि पांढरी दोन. दोन्ही एकाच गिऱ्हाइकासाठी. डच ईस्ट इंडिया कंपनीत शल्यवैद्य राहिलेल्या देजाँ या हौशी फ्लूटवादकाने मान्हाइममध्ये मोझार्टला काम सांगितलं होतं. बिदागी ठरली २०० गुल्डन, हातात पडले ९६. काम अर्धवट राहिलं होतं, हे खरंच. शिवाय दुसरा कॉन्चेर्तो नवा नव्हताच. १७७७ मध्ये साल्झबुर्गच्या फेर्लेंदिस या ओबोवादकासाठी (ओबो हे सनईच्या जातीचं वाद्य) लिहिलेला सी मेजरमधला कॉन्चेर्तो मोझार्टने एक सूर वर चढवून फ्लूटला दिला.

म्हणून डी मेजरला ‘उसना माल’ म्हणून नाक मुरडणारे भेटतात. मला ते पटत नाही.

पट्टी बदलण्यामागे वाद्याची गरज होती. तेव्हाची लाकडी फ्लूट एका चावीची. सहाही भोकं झाकली की तिचा सगळ्यात खालचा सूर डी, आणि बोटं एकेक उचलत गेलं की डी मेजर आपसूक वाजतो. आपली बासरीही अशीच पट्टी घेऊन जन्मते. फरक एवढाच की आपला सा तीन भोकं झाकून निघतो. त्या फ्लूटवर खालचा सी नव्हताच, आणि शुद्ध एफ बोटांची कसरत करून काढावा लागे, तोही दबका. ओबोच्या मूळ रचनेतली संथ मूव्हमेंट (रचनेचा एक स्वतंत्र भाग) एफ मेजरमध्ये होती, ती इथे जीमध्ये गेली आणि वाद्य मोकळं झालं. साथीची व्हायोलिनंही उजळली, कारण डी आणि ए या त्यांच्या मोकळ्या, म्हणजे बोट न ठेवता वाजणाऱ्या, तारा. मूळ पट्टीची खूण मात्र उरली आहे: डी मेजरच्या प्रतीत व्हायोलिनं खालच्या एच्या खाली उतरत नाहीत. तोच ए एक सूर खाली आणला की व्हायोलिनची शेवटची मोकळी तार, जी!

लयीकडे बघताना आकड्यांच्या आधी शब्द वाचावेत. हे लिहिलं तेव्हा मेट्रोनोम नव्हता. जी मेजरची सुरुवात ‘आलेग्रो मायेस्तोसो’ म्हणजे जलद, पण रुबाबात. डीची ‘आलेग्रो आपेर्तो’. आपेर्तो म्हणजे उघडा, मोकळा. हा शब्द वेग सांगत नाही, चेहरा सांगतो. विद्यार्थी डी पळवतात आणि जी ओढतात, दोन्हीकडे घोटाळा. मी दोन्ही आधी मेट्रोनोमच्या ११२ वर (मिनिटाला ११२ ठोके) बसवेन; डी नंतर १२० पर्यंत न्यावा, जी तिथेच राहू द्यावा.

संथ मूव्हमेंटमध्ये खरी निवड होते. जी मेजरचा आदाज्यो, म्हणजे संथ भाग, डीमध्ये आहे, व्हायोलिनांना म्यूट (आवाज मऊ करणारी चिमटी) लावलेला, आणि ऑर्केस्ट्रातल्या ओबोंच्या जागी दोन फ्लूट येतात. रंग मऊ, वाक्यं लांब. दमसास कच्चा असेल तर इथे लपायला जागा नाही. के. ३१५ हा सुटा आंदान्ते (चालत्या, मध्यम-संथ लयीची रचना) याच मूव्हमेंटऐवजी लिहिला असावा, देजाँला हा आदाज्यो झेपला नसावा, असा तर्क जुना आहे. खरं असो-नसो, वाजवताना तो पटतो. डी मेजरची मधली मूव्हमेंट गाणाऱ्याच्या अंगाने जाते, इतकी खोल नाही. काही प्रतींत तिच्यावर आंदान्ते लिहिलेलं असतं, काहींत आदाज्यो. मला आंदान्ते बरा वाटतो, चालती लय मिळते.

शेवटच्या रोंदोंचा (मुख्य धून पुन्हापुन्हा परतणाऱ्या भागांचा) स्वभाव अगदीच वेगळा. जीमध्ये मिन्युएट या नाचाची चाल, तीन मात्रांची, अदबशीर. डीमध्ये दोन मात्रांचा खट्याळपणा. याच्याशी जुळणारी धून मोझार्टने पुढे १७८२ च्या ऑपेरात ब्लोंड या तरतरीत दासीच्या तोंडी दिली. हा रोंदो वाजवताना चेहरा गंभीर ठेवणाऱ्याने जी घ्यावा.

मग घ्यायचा कोणता? बोटं चपळ, जीभ साफ, पण लांब श्वासाची सवय अजून नाही, तर डी. सूर भरीव असेल आणि सावकाश वाजवायची भीती वाटत नसेल तर जी. दोघांतून एकच जन्मभर वाजवायला मिळणार असेल तर मी जी घेईन, त्या आदाज्योसाठी. पण पहिला म्हणून डीच सुचवेन, कारण तिथे चूक लगेच कानाला कळते. मोझार्टने लिहिलेल्या कॅडेन्झा (साथ थांबल्यावर एकट्याने वाजवायचे तुकडे) दोन्हींच्या उरलेल्या नाहीत, त्यामुळे त्या बाबतीत पारडं समान.

एक चाचणी घरी करता येईल. डीच्या पहिल्या मूव्हमेंटमध्ये फ्लूट आत येते, वर चढते आणि वरचा डी चार बार (एकेक बार चार मात्रांचा) धरून ठेवते. खाली व्हायोलिनं मुख्य धून वाजवत असतात. १२० च्या लयीत हे साधारण आठ सेकंद. सूर न हलता, शेवटी न चढता तो धरता आला तर प्रत विकत घ्या. नाही आला, तर महिनाभर नुसता तेवढाच सूर.