एम्बामिंग शिकायचं की अंत्यविधी सेवेत उतरायचं?

ठाणे-नवी मुंबईत राहून या कामात शिरायचं असेल, तर आधी एवढं ठरवा: तुम्हाला देहाशी काम करायचंय की घरच्यांशी?

एम्बामिंग, म्हणजे मृतदेह कुजू नये म्हणून त्यात रसायन भरणं, आपल्याकडे स्वतंत्र पेशा म्हणून उभाच राहिलेला नाही. ते मुख्यतः मेडिकल कॉलेजच्या अ‍ॅनाटॉमी (शरीररचना) विभागात चालतं. कळव्याचं राजीव गांधी, कामोठ्याचं एमजीएम, नेरूळचं डी. वाय. पाटील, सगळीकडे हा विभाग आहे. मृतदेह विमानाने परदेशी न्यायचा तर एम्बामिंगचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यावर सही साधारणपणे डॉक्टरची असते. ती सही आपली हवी, तर एमबीबीएसची इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, वर एमडीची तीन. एमएस्सी मेडिकल अ‍ॅनाटॉमीही तीन वर्षांची, पण तिचा ओढा शिकवण्याकडे. इतका वेळ नसेल तर विभागात अटेंडंट म्हणून लागायचं आणि हाताखाली शिकायचं. हे काम वाटतं तितकं यांत्रिक नाही. एरवी मांडीच्या किंवा मानेच्या धमनीतून फॉर्मालिनचं द्रावण सोडलं की ते शरीरभर पोचतं. शवविच्छेदन झालेल्या देहात रक्तवाहिन्या कापलेल्या असतात. मग मान, काखा, जांघा अशा दोन्ही बाजूंच्या सहा जागांतून भरावं लागतं. फॉर्मालिनमधलं फॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक आहे, तेव्हा पगार विचारण्याआधी खोलीतला एक्झॉस्ट चालतो का ते बघा.

अंत्यविधी सेवेला पदवी लागत नाही. फोन मात्र रात्री दोनलाही उचलावा लागतो. मयताचं सामान, शववाहिनी, भटजी, स्मशानातली वेळ, डॉक्टरचा दाखला, २१ दिवसांच्या आत मृत्यूची नोंद, हे सगळं तुमच्या अंगावर. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये तिरडी बांधता येणारं माणूस शोधूनही सापडत नाही, शिवाय एकाच मजल्यावर मराठी, गुजराती, मल्याळी ख्रिश्चन. प्रत्येकाची रीत वेगळी. म्हणून मागणी इथेच आहे. स्थळं बघताना पोराचा धंदा सांगायला घरचे कचरतात, तेही धरून चाला.

बारावी झालेल्या, डॉक्टर होणार नसलेल्या मुलाला मी अंत्यविधी सेवेचीच वाट सांगेन. आधी कुणाकडे तरी नोकरी, स्वतःच्या शववाहिनीचं कर्ज नंतर.

अमेरिकेतला मॉर्च्युरी सायन्सचा (एम्बामिंग आणि अंत्यविधी सेवेचा) कोर्स तिकडेच स्थायिक व्हायचं असेल तरच. तिथे बहुतेक राज्यांत पदवी, उमेदवारी आणि परीक्षा झाल्यावर परवाना मिळतो, तोही त्या राज्यापुरता. ठाण्यात परतल्यावर तो कुणी विचारणार नाही.