ओपन साइट की पीप साइट? पहिली एअर रायफल घेण्यापूर्वी

लातूर, परभणी किंवा बीडमधील जे पालक पाल्यासाठी १० मीटर नेमबाजीची पहिली रायफल घेण्याच्या विचारात असतात, ते बहुधा कंपनी आणि किंमत यांची चौकशी करतात. नेम धरण्याचे साधन, म्हणजे साइट, कोणते असावे, हा प्रश्न मागे राहतो. वास्तविक शालेय स्पर्धांत ओपन साइट (मागे उघडी खाच) आणि पीप साइट (मागे बारीक छिद्र) असे वेगळे गट असल्यामुळे तो आधी सुटायला हवा. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत रायफल नेमबाज पीप साइटच वापरतात आणि दुर्बिणीला तेथे परवानगी नाही.

ओपन साइटमध्ये मागची खाच, नळीच्या टोकावरची माशी (लहान उंचवटा) आणि लक्ष्याचा काळा ठिपका अशा तीन वस्तू तीन अंतरांवर असतात, तर डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो. कोवळ्या वयात हे निभावते. चाळिशीनंतर खाच धूसर होते. पीप साइटमध्ये मागच्या बारीक छिद्रातून पाहताना छिद्राची कड पुसट होते आणि नजर आपोआप मध्याकडे वळते. शिवाय लहान छिद्रामुळे पुढची रिंग (नळीच्या टोकावरच्या साइटमधील गोल कडे) आणि ठिपका दोन्ही पुरेसे रेखीव दिसतात.

रायफलीवरील मागच्या आणि पुढच्या साइटमधील अंतराचा फरकही मोठा आहे. ते ५०० मिलिमीटर असेल, तर ०.१ मिलिमीटरच्या चुकीने छर्रा १० मीटरवर २ मिलिमीटर सरकतो. ८०० मिलिमीटर असेल, तर सव्वा मिलिमीटर. लक्ष्यावरील दोन वर्तुळांमध्ये अडीच मिलिमीटरचेच अंतर असते आणि दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो, हे लक्षात घेतले की ही तफावत किरकोळ वाटत नाही. ओपन साइटची खाच डोळ्यापासून दूर बसवावी लागते, म्हणून तिथे हे अंतर सहसा कमीच राहते.

पीप साइट ठरली, तर माझ्या मते जास्तीचा पैसा छिद्र लहानमोठे करता येणाऱ्या आयरिसवर खर्च करावा. आपल्याकडे सराव अनेकदा शाळेच्या सभागृहात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये चालतो; दाराबाहेर मराठवाड्याचे लख्ख ऊन आणि आत अर्धवट उजेड असल्याने सकाळी जुळलेले छिद्र दुपारी जुळेलच असे नाही. सुरुवात १.१ ते १.२ मिलिमीटरपासून करावी. छिद्र फार लहान केले तर प्रकाश घटतो आणि कडाही विवर्तनामुळे (छिद्राच्या कडेशी प्रकाश वळल्याने) करड्या होतात. फार मोठे केले तर मध्य साधण्याची अचूकता जाते. पुढच्या रिंगबाबत नवशिक्यांचा कल ठिपक्याला घट्ट बिलगणाऱ्या रिंगकडे असतो, पण ठिपक्याभोवती पांढरी कड स्वच्छ दिसेल इतकी मोठी रिंगच घ्यावी, अन्यथा हाताची प्रत्येक थरथर डोळ्यांत खुपते आणि चाप ओढायला उशीर होतो.

लिव्हर-ॲक्शन (दांडा ओढून गोळी भरण्याच्या) शिकारी रायफलींसाठी मिळणारे, सुमारे ५ मिलिमीटर छिद्राचे ‘घोस्ट रिंग’ साइट पाहून कोणी मोहात पडू नये. कमी उजेडात, हलत्या जनावरावर झटपट नेम लागावा म्हणून ती रचना असते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे खेळ म्हणून शिकार उरलेली नाही, आणि कागदी लक्ष्यावर एवढे मोठे छिद्र उपयोगाचे नाही.

मूल केवळ एखादे वर्ष शाळेकडून खेळणार असेल, तर ओपन साइटची स्वस्त रायफल पुरेशी आहे. पुढे राज्य पातळीचा विचार असेल, तर मधली पायरी गाळून थेट पीप साइट घ्यावी, कारण दोन्हींतील नजरेची सवय वेगळी असते. घेताना साइटची पकड रायफलीवरील ११ मिलिमीटरच्या खाचपट्टीवर घट्ट बसते का, हे हाताने हलवून पाहावे. चष्मा असलेल्या मुलांसाठी मागच्या साइटवर एक दृष्टिदोष-सुधारक भिंग लावण्याची मुभा नियमांत आहे. त्याचा क्रमांक मात्र नेत्रतज्ज्ञाकडून, रायफल खांद्याला लावलेल्या स्थितीतील नजर ध्यानात घेऊन ठरवावा.